टेबलामागे

घणसोलीत एका शाळेचा हॉल
रविवारी आठ ते साडेअकरा आम्हाला मिळतो.
फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक असतात.
ते पुसायचे नाहीत, ही अट.
त्यांना पाठ करून उभा राहतो
आणि नऊ वर्षं कृपेविषयी बोलतो आहे.

नवे लोक उपासनेनंतर दारात थांबतात.
हातात चहाचा कागदी कप, आणि सुरुवात ठरलेली:
"पाळकसाहेब, आमच्याकडे..."

आमच्याकडे बाप्तिस्मा नदीतच.
(इथे खाडी आहे, तीही बहुतेक ओहोटीची.)
आमच्याकडे प्याला एकच फिरतो,
ही खोकल्याच्या औषधाची टोपणं कसली?
हे मिरजेचे समुद्रे.
आमच्याकडे बायका डावीकडे, असंही तेच म्हणाले,
तेव्हा त्यांच्या मंडळी उजवीकडे
पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या होत्या.
प्रिस्किला महापेची रात्रपाळी उरकून थेट येते.
तिला गिटार हवी, पेटीनं डोळा लागतो म्हणते.
घोलपमामा मग तिच्यासाठी
पेटी काळी दोनवरून काळी चारवर नेतात
आणि वरच्या सुरांत आमची सगळ्यांची दमछाक होते.

मी प्रत्येकाला म्हणतो, "बघू."
हा शब्द सेमिनरीत शिकवत नाहीत.
बायकोकडून उचलला,
पोरं सायकल मागायची तेव्हा.

चपलांचं मात्र "बघू"वर भागेना.

नवापूरकडच्या तबीथाबाई पाडवी
लेकाच्या नोकरीपायी इथं आलेल्या.
हॉलला उंबरा नाही, सरकत्या दाराचा लोखंडी रूळ आहे,
त्या रुळाला वाकून हात लावतात,
चपला बाहेर, पदर डोक्यावर.
"देवाच्या घरात कुणी जोडे घालून जातं का?"
दोन रविवारांत बाहेर चौदा जोड झाले.

तिसऱ्या रविवारी शांतवन काळोखे दारातच उभे.
बूट पॉलिश केलेले, लेस दुहेरी गाठीची.
"साहेब, माझा आजा पाटलाच्या आळीतून जाताना
चपला काखेत मारून जायचा. उन्हाळ्यात सुद्धा.
चर्चच्या बाकावर तो पहिल्यांदा
पायात जोडा ठेवून बसला.
मी काढणार नाही."

मी म्हटलं, "या ना, आत या."
यापलीकडे काय म्हणणार?

तेव्हापासून मी एक युक्ती करत होतो.
टेबलावरचं पांढरं कापड जमिनीपर्यंत येतं.
आत येताना बूट पायात,
काळोख्यांना दिसतील असे.
प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की
टेबलामागे हळूच काढायचे,
तबीथाबाईंसाठी,
म्हणजे त्यांना ठाऊक नसलं तरी.
पाच आठवडे निभलं.

सहाव्याला, उपदेश ऐन भरात,
समुद्र्यांचा नातू हनोख, वय वर्षं तीन,
कापडाखालून पलीकडे निघाला,
डोक्यावर माझा डावा बूट.

पेटीवर घोलपमामांचा हात पडला, भलताच सूर निघाला.
प्रिस्किला जागी झाली.
तबीथाबाई पदरात तोंड दाबून हसल्या,
खांदे हलत होते.
काळोखे हसले नाहीत.
उठले, टाचा वाजवत पुढे आले,
पोराच्या डोक्यावरून बूट काढून घेतला,
टेबलाला वळसा घालून खाली वाकले
आणि उजव्याशेजारी नीट जोडून ठेवला,
पुढची टोकं माझ्याकडे.
वर न बघता, हळू आवाजात म्हणाले,
"मोजा फाटलाय."

मी पुढचा मुद्दा विसरलो.
प्रभूची प्रार्थना सुरू केली, तीही जरा लवकरच.

चहाच्या वेळी तबीथाबाईंनी गाठलं.
"मग खरं काय धरायचं, पाळकसाहेब?"
काळोखे मागेच होते, कपात फुंकर घालत,
कान इकडे.

माझाही आजा तशाच एका आळीतून चालला आहे.
त्याच्या तळव्यांना भेगा होत्या
आणि मला तरी अनवाणी उभं राहणं आवडतं,
फरशी गार लागते, बोलणं सुचतं.
हे दोन्ही एकत्र कसं सांगायचं
मला अजून जमलेलं नाही.

शिपाई किल्ल्या वाजवत आला.
खुर्च्या एकात एक घालायच्या होत्या.
"बघू," मी म्हणालो,
आणि बूट हातात घेऊन
आधी टेबलाचं दुसरं टोक धरायला
कुणी आहे का ते पाहिलं.