पाण्यातल्या मालाला

चाचणीच्या हौदात पडला.
म्हणजे जिथं मी बावीस वर्षं
जळक्या सबमर्सिबल भरून, वार्निश वाळवून,
बुडवून बघतो पाणी फेकतात का नाही,
त्याच हौदात.
वाकलो, आणि वरच्या खिशातनं सटकला.
मोटार चालू होती. ती वर पाणी फेकत राहिली,
तो तळाशी थोडा वेळ उजेड देत राहिला,
मग विझला.

रंजनानं तो तांदळाच्या डब्यात पुरला.
दोन दिवस. सोमवारी त्याच तांदळाचा भात झाला,
आणि पुण्याहून पोराचा निरोप आला, शेजारच्या फोनवर:
टाका तो. साडेनऊ हजारात नवा येतो, हप्त्यावर.
त्यात काय विचार करायचा?

तासगावच्या स्टँडमागं सानिया मुजावरचं दुकान.
तिच्या बापाची पंधरा एचपी मी दोनदा भरलीय.
तिनं मागचं झाकण उचकटलं,
चिमट्यानं चार्जिंगच्या भोकातनं तांदळाची एक कणी काढली,
काचेवर ठेवली, माझ्याकडं बघितलं.
मी पंख्याकडं बघितलं.

"मामा, सव्वीसशे होतील. लागला तर लागला.
पाण्यातल्या मालाला गॅरंटी न्हाई."

हे वाक्य माझं आहे.
माझ्या दुकानात भिंतीवर आहे, लाल रंगात;
पेंटर अनुस्वार विसरला, तो मी नंतर खडूनं दिला.
किती जणांना बोटानं दाखवलंय ते,
ऐन छाटणीत, बाग पाण्याला आलेली असताना,
गाडीवर पोत्यात बांधून आणलेली मोटार सोडत
जो तो विचारायचा: भरू, का नवी घेऊ?
मी मेगर लावायचो, बॉडी हुंगायचो,
चहा येईपर्यंत निकाल.
भर. नाहीतर भंगारात घाल, तांब्याचे पैसे घे.
त्याच्या तोंडाकडं बघायचं
कधी काम पडलं नाही.

"आत असं काय आहे, सांगा तरी. फोटो?"
फोटो आहेत. उघडण्याआधीच्या वायरींचे,
लाल कुठं, पिवळी कुठं, निळी कुठं गेली.
आणि नंबर. ते नावानं नाहीत.
'साडेसात सावळज'. 'तीन मणेराजुरी, विहीर'.
'पाच येळावी उधार'. 'पाच येळावी दुसरा'.
सगळे फोनात. सिममध्ये फक्त गॅसवाला.

ती हसली नाही. बोर्ड भिंगाखाली सरकवला,
म्हणाली, बघा की.
डोळा लावला.
केसाहून बारीक वाटा, तांब्याच्या.
एवढं बारीक गेज मी जन्मात भरलं नाही,
पण तांबं ते तांबंच. कडेनं हिरवं चढलेलं.
"कळकलंय," मी म्हणालो.
"काय झालंय?"
"कळकलंय. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तसं."
तिला शब्द माहीत नव्हता.
तिनं तो एकदा म्हणून बघितला
आणि ब्रश घेतला.

नव्याला वर्षाची गॅरंटी असते.
नव्यात सावळज नसतं.
याच्यापुढं हिशेब मला करता आला नाही.
"कर," म्हणालो. "रविवारी येतो."

घरी जुन्या बटणांच्या फोनात सिम घातलं.
दिवेलागणीला वाजला. नुसते दहा आकडे.
"मामा, मोटार बसली बघा. भरायची, का नवीच टाकू?"
मागं कुठंतरी रेडकू ओरडत होतं.
आवाज ओळखीचा. एचपी आठवेना.
चहा झाला असता एवढा वेळ गेला.
"आण," म्हणालो, "आधी उघडून बघू.
आणि थांब,
कागद घेतो. नाव सांग तुझं."