जन्मजात केसांचा दाखला

कामी-इगुसा स्टेशनामागे, तोफूच्या दुकानावरच्या माळ्यात
आई केस रंगवायची.
माणसांचे नाही. पारदर्शक फिल्मवर, पाठच्या बाजूनं,
हातात सुती मोजे, बाटल्यांवर नुसते आकडे.
चेहरे सगळे एका साच्यातले, ती सांगायची,
तेच डोळे, तेच इवलं नाक;
केस पुसून टाकलेस
तर सख्ख्या आयांनाही पोरी ओळखू यायच्या नाहीत.

म्हणून लाल केसांची आधी भांडते, मग रडते.
निळी बोलत नाही, खिडकीशी बसते,
आणि देशभरातली पोरं तिच्यासाठी झुरतात.
गुलाबी सगळ्यांना माफ करते,
नाहीतर सगळ्यांना मारते, पण ते शेवटच्या भागात.
चंदेरी म्हणजे मागं काहीतरी जळालेलं:
गाव, किंवा भाऊ.

आणि काळे?
मी विचारायचे, रात्री उशिरा,
तिच्या नखांतला निळा काडीनं कोरत.
काळे म्हणजे, ती म्हणायची,
ज्यांच्या घरी जेवायची वेळ ठरलेली असते.

माझे काळे नव्हते.
भाजलेल्या बार्लीच्या चहासारखे, उन्हात आणखी पातळ.

शाळेच्या आठव्या वर्षी हिराइवा सरांनी
आम्हा दोघींना बोलावून घेतलं.
टेबलावर एक पट्टी,
केसांचे झुबके ओळीनं, काळ्यापासून पिवळ्यापर्यंत,
प्रत्येकाखाली आकडा.
सरांनी ती माझ्या कानामागं धरली.
"सहा. नियमात पाचपर्यंतच बसतं."
आई वाकली, चष्मा कपाळावर सरकवून.
"सात," ती म्हणाली.
"ट्यूबलाइटखाली रंग बघायचा नसतो, सर.
उत्तरेच्या खिडकीशी चला."

मी मेल्याहून मेले.

दाखला भरायचा होता:
केस जन्मापासून असेच आहेत,
खाली पालकाचा शिक्का, सोबत लहानपणचा फोटो.
फोटो होता.
पण त्या काळचा कागद, सगळंच तांबूस पडलेलं,
टब, टॉवेल, आईचा हात, मी.
यावरून काही ठरत नाही, सर म्हणाले.
आणि फोटोच्या बाबतीत,
परतताना आई हळूच म्हणाली,
माणूस खोटं बोलत नव्हता.

त्या रात्री औषधाच्या दुकानातली डबी,
न्हाणीघरात वर्तमानपत्र पसरलेलं,
आज मोजे प्लास्टिकचे.
ती मागून रंगवत होती, मी समोरच्या फरशीकडे बघत.
"नुसता काळा मरतो," ती म्हणाली.
"आम्ही त्यात निळा घालतो,
नाहीतर रात्रीच्या दृश्यात पोरगी हरवते."
डबीत निळा नव्हता.
"आता माझी जेवायची वेळ ठरली," मी म्हणाले.
ती हसली नाही.
कानाच्या पाळीवरचा डाग
मात्र कितीतरी वेळ पुसत राहिली.

पुढच्या हिवाळ्यात, एका शनिवारी,
टीव्हीवर वर्ग दिसला. नायिका निळी, उशिरा धावत आलेली.
तिसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या बाकावर
एक मुलगी. नाव नाही, संवाद नाही,
चार सेकंद असेल नसेल.
बार्लीच्या चहाचे केस.
मी वळून बघितलं. आई संत्रं सोलत होती.
"बाटलीत उरला होता," ती म्हणाली.
"वाया कशाला घालवायचा?"

आता सगळं संगणकावर. माळ्यात दाताचा दवाखाना आहे.
आईचे केस पांढरे झालेत, आणि ते काही उन्हानं नाहीत.
चित्रात पांढरे म्हणजे शाप,
किंवा फार जुनं, कुणी न पुजलेलं दैवत.
ती आरशात बघते, नाक मुरडते,
"पिवळट मारतोय. कुणी काढून दिला हा रंग?"
मी तिला खुर्चीसकट उत्तरेच्या खिडकीशी नेते.
"हं," ती म्हणते. "सावलीला थोडा निळा, मग चालेल."

मग तिचं बोट माझ्या भांगापाशी येतं,
रंगवणं सोडल्यापासून बोटभर उगवलेल्या केसांपाशी.
"सात," मी म्हणते.
ती डोळे बारीक करते, मान तिरकी.
"साडेसहा."