धाव

दिग्रसच्या बायपासला, पत्र्याच्या शेडमध्ये
जॅकवर उभी तौसिफची झेन.
आत सीट एकच, भोवती लोखंडी पिंजरा.
त्याला पंधराचं रिम पाहिजे, फोटोतलं.
मी म्हणालो, चौदा. तेही मोजून.

कणकेचे गोळे मडगार्डच्या आत चिकटवले.
गाडी खाली घेतली, चार पोरं बसवली,
डिकीत सोयाबीनचं पोतं.
स्टिअरिंग पार डावीकडे, पार उजवीकडे.
डाव्या बाजूचा गोळा बोटभर उरला,
उजव्या बाजूचा कागदाएवढा.
शिवाय मीटर साठ म्हणेल तेव्हा
गाडी पासष्टवर असेल,
आणि वळणातून निघताना दमेल.

बाबा बाजेवर. डोळे गेले, हात आहेत.
आयुष्यभर बंड्यांची चाकं भरली त्यांनी.
रिम हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला:
"मोठं चाक दिसाले बरं, वळाले खोटं.
आमी धाव बोटभर लहानच ठेवू.
तापली का मोठी होते, थंडी झाली का चाकाले धरते."

रबर तापून मोठं होत नाही, बाबा,
असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.

तेराचं रिम, एकशे पंच्याहत्तर साठ.
तौसिफ दोन दिवस बोलला नाही.

रविवारी जिनिंगच्या बंद आवारात
चुन्याच्या रेघांमधून तो सुटला.
आम्ही सगळे घड्याळाकडे पाहत होतो.
बाबा मान तिरपी करून
घासण्याचा आवाज शोधत होते.
तिसऱ्या फेरीला त्यांनी तंबाखू काढली.
"बसली," म्हणाले.