गुरूसोबतचे चौघे

राघोभट गर्ग्यांनी फडकं सोडून ती पुढ्यात ठेवली
तेव्हा मला आधी पिचकारी वाटली.
वसई पडून चौथं वर्ष. कुणा पाद्र्याच्या घरातून
निघाली होती लमाणांच्या बैलावर, मिरच्यांच्या पोत्यात,
सोबत एक तसबीर, पाण्याने फुगलेली:
बाईच्या हनुवटीखाली सावली.
उजेड कुणीही रंगवेल. सावलीला रंग खर्चणारे लोक
मी पहिल्यांदाच पाहिले.

"नळी चेपलीय, गोंदा. उठवून दे."

पितळ जिभेला लावून बघितलं. जस्त जास्त.
आतला डाग इतका बारीक की नखाला लागेना.
कोण असेल हा, कुठल्या आळीतला,
त्याच्याही बोटांचा हिरवा रंग
जेवताना भाताला लागत असेल का,
की ते भात खातच नाहीत?
एके जागी त्याची हातोडी घसरली होती.
तेवढ्यावरून तो मला आवडला.

भिंगं मात्र माझ्या अकलेबाहेरची.
ती बस्त्यावला ठाऊक.

बस्त्याव म्हणजे त्या पाद्र्याचा हबशी पोरगा,
मोसांबिकेहून आणलेला, नळीच्या निम्म्या किमतीला.
हे त्यानेच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.
लुटीच्या यादीतही दोघं एकाच ओळीत:
दुर्बीण एक, पोर एक.

माघातली रात्र. सिंहस्थ भरलेला.
रामकुंडावर धुन्यांचा धूर, म्हणून आम्ही
गर्ग्यांच्या माळवदावर.
बस्त्यावने नळी खांद्यावर घेतली, श्वास रोखला.
तोच तिचं तिकाटणं.
पाद्र्यालाही असाच खांदा द्यायचा म्हणे.

राघोभटांनी पाहिलं. बराच वेळ.
मग शेंडीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.
"सिंहेचा गुरू," म्हणाले, "पण एकटा नाही."

माझी भिवरा नऊ वर्षांची. तिने डोळा लावला:
"चौघं आहेत. तिघं इकडे,
आणि एक तिकडे रुसून बसलंय."

"पंचांगात लिहिणार?" मी विचारलं.
"ज्या गुरूसाठी एवढं माणूस थंडीत उघडं झालंय,
त्याच्या या चौघांना
स्नानाचा मुहूर्त कुणी काढायचा, गोंदा?"
हसले नाहीत.

बस्त्याव खांदा न हलवता बोलला:
पाद्री सांगायचा, त्यांच्या मुलखातसुद्धा
हे चौघे पाहिलेल्या एका म्हाताऱ्याला
घरातच कोंडून ठेवलं होतं.
"तरी पाहतात?"
"पाहतात. खांदा मिळाला की."

शाईला भटजी भ्याले. मग मी तांब्याचा पत्रा नेला.
रोज एक मोठा ठोका, बाजूला लहान,
दिसतील तितके. कधी चार, कधी तीन,
एकदा दोनच. भिवरा रडली.
दुसऱ्या रात्री गेलेले परत आपापल्या जागी,
नाही, जागी नाही, जागा बदलून.
सगळ्यात आतला फार घाईत असतो,
एवढं तांबटालाही कळतं.
अशा अठरा रात्री.

एकोणिसाव्या रात्री बस्त्याव नव्हता.
कुणी म्हणालं, त्र्यंबकाकडे निघालेल्या जमातीत
एक नवा बैरागी दिसला, उंच.
अंगाला राख फासली की मुलूख कुणी विचारत नाही.
भटजींनी माणूस पाठवला नाही मागे. मीही गेलो नाही.

बाभळीचं तिकाटणं करून दिलं मी.
त्यावर गुरू थरथरायचा.
मग नळी फडक्यात गेली, फडकं पेटीत.

पत्रा वाया घालवणं आम्हा तांबटांत पाप.
त्याचं घंगाळ केलं, गर्ग्यांच्याच घरी दिलं.
त्यांची सून त्यात पाणी काढते,
परवा म्हणाली, "गोंदाकाका, आतले ठोके तुमचे
वाकडेतिकडे पडलेत."
"थंडी होती," म्हणालो, "हात हलला."

आत राघोभट जपाला बसलेले.
माळ थांबली, एवढंच ऐकू आलं.