सातही पेडल वर

बाला गावात वर्षातून दोनदा जातो मी.
मार्चमध्ये, आणि डोंगरावरच्या मेंढ्या खाली उतरल्यावर एकदा.
हत्यारांची पेटी, आतड्याच्या तारांची गुंडाळी,
गुडघ्यांखाली घ्यायला एक जुनी उशी.
वाजवता येत नाही मला. हार्प दुरुस्त करतो:
सत्तेचाळीस तारा, सात पेडल,
खांबाच्या पोटातून वर गेलेल्या सात सळ्या,
ज्यांची कुरकुर मॉर्व्हिदबाईंच्या आधी
माझ्या कानाला लागायची.

काम संपलं की त्या एकच तुकडा वाजवत.
मुखपृष्ठ हरवलेलं, रचणाऱ्याचं नाव त्याच्यासोबत गेलेलं.
डोक्यावर इटालियनमधला एक शब्द: आंदान्ते.
म्हणजे चालण्याच्या लयीत.
"कुणाच्या चालण्याच्या?" मी एकदा विचारलं.
"वडिलांच्या. पाटीच्या खाणीतून घरी येताना."
मग तार पुसत,
"जाताना नव्हे."

पट्टी म्हणाल तर कागदावर सात कोमल खुणा,
बांधावर काट्या रचाव्यात तशा.
पियानोवाला कपाळाला हात लावतो
आणि पांढरी सात म्हणून मोकळा होतो.
हार्पला मात्र हीच घरची.
सातही पेडल वर, एकाही तारेला चिमटा नाही,
जी ती आपल्या पुऱ्या लांबीची,
बूट काढून शेगडीसमोर पसरलेल्या पायांसारखी.

समासात पेन्सिलीनं मेट्रोनोमचे आकडे.
त्रेसष्ट, लग्नाआधीचं वळणदार अक्षर.
ते खोडून छप्पन्न.
पुढे पन्नास, जरा तिरकं,
खुब्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यातलं.
हिशेब सरळ वाटला मला:
माणूस थकतो, लय ठाय होत जाते.
पण पान दुमडतं तिथे, तळाशी,
इतकं दाबून लिहिलेलं की कागद फाटलाय:
अठ्ठ्याऐंशी.

"हे चुकून झालं?"
त्यांनी चष्मा पुसला. पुसतच राहिल्या.
"नेस्ट गेली त्या आठवड्यातलं.
चॅपेलमध्ये वाजवलं. लोक म्हणाले, किती शांत वाजवलंत.
मी पळत होते रे.
जरा रेंगाळले असते
तर बहिणीच्या बाकाकडे नजर गेली असती."

भाव कोणता, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.
त्यांच्या बाकीच्या वह्यांत असायचं,
'मधुर', 'खिन्न', एका ठिकाणी तर 'लाडानं'.
इथे नुसती कोरी जागा,
आणि तिच्यावर चहाच्या कपाचं अर्धं वर्तुळ.

या ऑक्टोबरात दार नेस्टच्या नातीनं उघडलं.
मॅब्ली, तेरा वर्षांची, नखं कुरतडलेली.
घर दोन महिने बंद होतं, शेगडी पेटली नव्हती,
तळ्याची ओल आत शिरून एक तार तुटली होती.
मी नवी चढवली.
नवी तार आठवडाभर खोटं बोलते, मी सांगितलं,
लावशील तिथून उतरत राहील, रागवू नकोस.
ती त्याच पानाकडे बघत होती.
"यातला कुठला आकडा?"

मला काय ठाऊक. मी फक्त सळ्यांना तेल देणारा.
पेटी उचलली, आणि दारापासून खिडकीपर्यंत
माझ्या या कुरकुरत्या गुडघ्यांनी चालत गेलो.
तिथून परत.
दुसऱ्या फेरीला तिनं सूर धरला.

मधेच कुठेतरी नवी तार उतरली,
बेसूर, साफ बेसूर.
ती थांबली नाही.
मीही पाऊल अडवलं नाही.
पेन्सिल खिशातच होती, कानाच्या मागे सरकवली,
आणि खिडकीशी पोचून
पुन्हा वळलो.