आठ भट्ट्या

रात्री पावणेतीनला, जालन्यात,
निवृत्तीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात
अर्धं शटर खाली ओढून
आम्ही एका घराकडं सरपटत निघालो.

घर कुणाचं, ठाऊक नव्हतं.
नाव तेवढं: लोखंड्या_०७.
चार दिवस टेकडीवरून पाहिलेलं,
कधी येतो, कधी जातो, किती वेळ दिवा.
या खेळात तसंच आहे:
माणूस निघून जातो, देह तिथंच पडून राहतो,
आणि दारं जेवढी जाड
तेवढीच त्याची झोप.

अशपाककडं सुरुंग अकरा.
त्यासाठी तीन रात्री गंधक फोडलं होतं.
परतूरहून प्रणिता हेडफोनात कुजबुजत होती,
पलीकडच्या खोलीत तिची आत्या निजलेली:
"दार फसवं हाय. डावीकडं बघा,
एक भिंत उलटी बसलीय त्याची,
मऊ अंग बाहेर राहिलंय."

पहिला. दुसरा.
खोलून ठेवलेल्या सीपीयूंवर उजेड नुसता हलला,
स्फोट माझ्या कानातच.
बाहेर पायरीवरचं कुत्रंही उठलं नाही.
सहाव्याला भिंत गेली.

आत आठ भट्ट्या.

दोन-दोनच्या जोड्या,
मधे हातगाडी जाईल एवढी वाट,
शेवटची भिंतीपासून हातभर सुटी
आणि तिच्या उजव्या अंगाला पाण्याचं पिंप.
खेळात भट्टीला पाणी लागत नाही.
खेळात भाजलेल्या हातालाही लागत नाही.
ते पिंप आमच्या रोलिंग मिलमधलं होतं,
जिथं लाल सळई कधी वाट सोडून उसळते
आणि हात उजवीकडं जातो,
विचाराच्या आधी.

"थांबलास कामून?"
"काही नाही."
"मग उचल ना बे."

उचललं.
लोखंड, कातडी, गंधक, भाजलेले बटाटे,
भोपळ्याच्या बियासुद्धा.
आतल्या खोलीत तो उताणा पडलेला,
पायात एकच जोडा.
निवृत्तीनं भाला काढला.
मी म्हणालो, राहू दे.
त्यानं विचारलं, कामून,
आणि मी उत्तर शोधेपर्यंत
काम झालं होतं.

दुपारच्या पाळीला काशिनाथ टकले,
दुसऱ्या स्टँडवरचा,
डबा उघडून बसला आणि बसूनच राहिला.
"मपलं घर फोडलं रात्री."
सगळे दचकले. पोलिसात गेलास का, कुणी म्हणालं.
"तसलं घर नाही."
मोबाइलवर फोटो दाखवला:
भगदाड, भगदाडातून आभाळ.
"साडेतीन महिने. पोरगी निजली की
तास, दीड तास, जमंल तसं.
झोपेत मारलं. निदान उठवायचं तरी."
मी चटणी पुढं सरकवली.
आणि तोंडातून गेलंच,
"एखादी भिंत उलटी बसली असंल."
त्यानं वर पाहिलं.
"तुला कसं माहीत?"
"बसतेच एखादी."

त्या रात्री मी एकटाच गेलो.
पेटीत माझ्या वाट्याचं सगळं भरलं, बियांसकट,
एक जोडासुद्धा,
आणि भगदाडापुढं ठेवली.
चिठ्ठी लिहिली, खोडली.
परत लिहिली: भिंत सरळ कर.
तीही फाडली.

शनिवारी काशिनाथ लवकर आला.
"लई हुशार हरामखोर," म्हणाला,
"पेटी ठेवून गेले दारात, सगळा माल आत.
म्हणलं, मी काय काल आलो का खेळायला?
हात लावला नाही.
लांबून रॉकेट मारलं एक,
धुरळा."

हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा.
भाकरी मोडली,
आणि माझ्याकडं न बघता
चटणीसाठी हात पुढं केला.