टिकलीखालचा दिवा

जानेवारीत गारठा निफाडकडून सरकत येतो
तेव्हा आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर
एक पिवळा दिवा लागतो. ब्रेकचा, एबीएसचा.
रोज नाही. लागला तरी टिकत नाही.
पाथर्डी फाट्याला उजवीकडे वळताना लागतो,
गरवारेला पेट्रोल भरून किल्ली फिरवली
की विझलेला.

वडाळा नाक्यावर रशीदभाईंकडे तीनदा नेली.
त्यांच्या दारात दिवा गप्प,
दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा तसा.
"सेन्सर बदलू. साडेचार हजार," ते म्हणाले,
मग माझा चेहरा बघून, हळूच,
"नाहीतर बल्बच काढून देतो, ताई."

भागवतने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.
माझ्या पाकिटातली एक मरून टिकली
दिव्यावर चिकटवली. "झालं."
आठ दिवस फिरलो तसेच,
डॅशबोर्डच्या कपाळाला टिकली
आणि तिच्याखाली काय चाललंय
कुणी बघायचं नाही.

मी अंबडला मोटारी वाइंड करते, एकोणीस वर्षं.
जळालेली कॉइल मला परवडते, ती जागा सोडत नाही,
वासावरून सापडते.
हा येऊन-जाऊन असणारा फॉल्ट मात्र
आपल्यालाच खोटं पाडतो.
सुपरवायझर टेबलाशी येतात, म्हणतात,
"मॅडम, आत्ता तर चालतेय."

रविवारी पार्किंगमध्ये जॅक लावला,
मागच्या चाकांना विटा.
डावं पुढचं चाक काढलं, सेन्सरचा प्लग सोडवला,
मीटरच्या दोन सुया त्यात धरल्या:
अकराशे ओहम. ठणठणीत.
चाळीस वेळा बघितलं, अकराशेच.
आता कुणीतरी स्टिअरिंग फिरवायला हवं.
भागवत क्रिकेटला गेलेला.

आक्का आल्या. सासूबाई, वय एकाहत्तर,
सिन्नरला दिवसाला हजार विड्या वळलेले हात.
ड्रायव्हरच्या सीटवर त्या आयुष्यात पहिल्यांदा बसल्या,
पदर खोचून, दोन्ही हात चाकावर,
समोर भिंत आणि कुणाची तरी सायकल.
"उजवीकडे, आक्का. अजून. सगळं."
बंद गाडीचं स्टिअरिंग जड, पण फिरलं.
"कुठवर आलो गं?"
मी खालून म्हटलं, "पाथर्डी फाट्यावर."
"मग थांबू नको, घोटीला ने."

घोटीच्या अलीकडेच कुठेतरी
मीटरवरचे आकडे पडले.
डाव्या कडेला उरला एक,
एकटाच, पुढे काही नाही.
"थांबा! हलू नका!"
आक्का श्वास धरून बसल्या,
जणू समोरून ट्रक आलाय.

मडगार्डच्या आत, जिथे वायर क्लिपातून वळते,
तिथे रबर वरून धडधाकट, आतली तार तुटलेली.
उन्हाळ्यात दोन टोकं एकमेकांना टेकून राहात असतील,
थंडीत रबर आखडलं की हात सोडत असतील.
एक वळण, एक गार सकाळ,
एवढ्यावर सगळं अवलंबून. आणि आम्ही
दिव्याला खोटारडा म्हणत होतो.

जोड वाकणाऱ्या जागी दिला नाही. तिथे पुन्हा तुटतो.
वर, पत्र्याच्या आडोशाला घेतला,
नवी मऊ वायर, थोडी ढिली सोडलेली,
डाग दिला, त्यावर नळी, नळीवर मेणबत्तीची आच.
आक्का तेवढ्यात चारदा कोल्हापूरला जाऊन आल्या,
एकदा त्यांच्या बहिणीकडे, जी आता नाही.
ते त्यांनी तसंच सांगितलं,
चाक डावीकडे आणताना.

सोमवारी सकाळी नऊ अंश. काचेवर दव.
टिकली नखाने काढली,
डिंकाचा गोल राहिलाच, तो काही निघत नाही.
किल्ली फिरवली. दिवा लागला.
एक. दोन. तीन.
विझला.
असाच लागायला हवा तो, रोज, तीन सेकंद,
मी आहे एवढं सांगायला.

पाथर्डी फाट्याला वळण घेतलं. काही नाही.
मागच्या सीटवर आक्का, दवाखान्यात निघालेल्या,
खिडकीच्या काचेवर बोटाने
हळूहळू काहीतरी उजवीकडे फिरवत होत्या.